गादी घालायचा मान

प्रयोंगमावशींना टीव्हीवर घेतलं ते त्यांच्या चेहऱ्यामुळं. थायलंडात नाखोन चायसीला नदीकाठच्या एका जुन्या बागेच्या फाटकाशी त्या केळी तळून विकायच्या. आतला बंगला मालिकावाले भाड्यानं घ्यायचे. एकदा स्वयंपाकिणीचं काम करणारी नटी दाढ दुखते म्हणून आली नाही. दिग्दर्शक वैतागून फाटकाशी आला, तर समोर एक बाई झारा धरून उभी, आणि चेहरा असा, की हिला काहीतरी माहीत आहे पण ती ते आत्ताच सांगणार नाही. त्याला तसाच चेहरा हवा होता. खरं तर मावशी त्या वेळी तेल तापलं की नाही एवढंच बघत होत्या.

मी त्या मालिकावाल्या कंपनीची गाडी चालवायचो. नटांना घरून आणायचं, घरी सोडायचं. ड्रायव्हरला कान असतात हे गाडीत बसलेल्या माणसांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मला यातलं बरंचसं ठाऊक आहे.

त्या मालिकेत कोण कुणाचं कोण, हे प्रत्येकाला चुकीचं वाटत होतं. नायकाला वाटायचं, नायिका म्हणजे आपल्या बापानं ठेवलेली बाई. ती खरं तर बापाची हरवलेली मुलगी होती. ते तिला कळलं, तेव्हा तिला वाटलं की मग नायक आपला भाऊ झाला, म्हणून ती रडत घर सोडून गेली. तो दत्तक होता. खरं काय ते बंगल्यात दोघांनाच माहीत: स्वयंपाकिणीला आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे माळ्याला. दर भागात दोघांपैकी एक जण तोंड उघडायचा, "धाकटे मालक, ती तुमच्या..." आणि जाहिराती लागायच्या. जाहिराती संपेपर्यंत धाकटे मालक गाडी काढून निघून गेलेले असायचे. सोमवारी आणि मंगळवारी सगळा देश टीव्हीसमोर बसून मावशींवर ओरडायचा, "बोल ना ग म्हातारे!"

माळ्याचं काम थविनकाका करायचे. ते मूळचे गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीतले. राजाच्या भूमिका करून करून गुडघे गेले, तेव्हा टीव्हीवर आले. त्यांना झाडाखाली बसून बोलायला आवडायचं आणि माळ्याला तेवढंच काम होतं.

मालिका संपली. पण लोकांना ही जोडी एवढी आवडली, की कंपनीनं पुढच्या मालिकेतही दोघांना नवरा-बायको केलं. त्याच्या पुढच्या मालिकेतही. नायक बदलले, नायिका बदलल्या, गैरसमज बदलले, बंगल्याचा रंगसुद्धा बदलला. हे दोघं मात्र नवरा-बायकोच राहिले. इतकी वर्षं एकत्र राहिलेलं जोडपं आमच्या तालुक्यात दुसरं सापडणं अवघड होतं.

मावशींचा खरा नवरा तरुणपणीच त्यांना सोडून दूर दक्षिणेला रानोंगला गेला होता. तिथं त्यानं टायरचं दुकान आणि दुसरी बायको, दोन्ही एकाच वर्षी केलं. मावशी त्याच्याबद्दल वाईट बोलायच्या नाहीत. "टायरमध्ये त्याला गती होती," एवढंच म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण वारली तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी, चोम्पू, त्यांनी घरी आणली आणि केळी तळून वाढवली.

थविनकाकांनाही खरी बायको होती. विलायबाई. त्या देवळाजवळ बांबूच्या नळीत भाजलेला गोड भात विकायच्या. तीन मुलं झालेली, संसार मावशींच्या खोट्या संसाराहून कितीतरी जुना. पण टीव्हीमुळं विलायबाईंचं बाजारात जाणं कठीण झालं. नवऱ्याबरोबर मासळी घ्यायला गेल्या, की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

"ती बघ. त्या बिचाऱ्या स्वयंपाकिणीचा नवरा घेऊन फिरते."

"आणि तोंड बघा तिचं. जणू लग्नाचीच!"

मासळीवाली त्यांना मुद्दाम लहान मासे द्यायची. सुरुवातीला विलायबाई पिशवीत लग्नाचा फोटो घेऊन फिरल्या. मासळीवालीनं तो निरखून बघितला आणि म्हणाली, "हल्ली फोटोत काहीही करता येतं." त्यानंतर त्यांनी फोटो घरी ठेवला आणि जी बाई टोमणा मारेल तिला करपलेली नळी द्यायला सुरुवात केली.

मावशींना हे कळलं तेव्हा त्या पपनसाची पिशवी घेऊन माफी मागायला गेल्या. मीच गाडीनं सोडलं.

"या सवतबाई," विलायबाई म्हणाल्या. "बसा. नवरा तुमच्याकडं आहे की माझ्याकडं?"

"झाडाखाली झोपलाय."

"मग दोघींच्या कामाचा नाही." त्यांनी पपनस सोलायला घेतलं. "तुला काय ग, तुला मासळीवाली फुकट कोळंबी देते म्हणे."

"देते. मी नको म्हणते तर रडायला लागते. म्हणते, तुम्ही फार सोसता."

"सोसतेस ना. पगारी सोसतेस. मी फुकट सोसते."

तेव्हापासून त्यांची मैत्री झाली. विलायबाई त्यांना सवत म्हणायच्या आणि मावशींना ते आवडायचं. त्यांना घरचं नातं असं फारसं कुणी चिकटवलेलं नव्हतं.

चोम्पू मोठी झाली, शाळेचे गणवेश शिवायला लागली. वीत नावाचा एक मुलगा तिच्याकडं पॅन्ट आखूड करायला यायचा. तीच पॅन्ट त्यानं इतक्या वेळा आखूड करून घेतली, की शेवटी ती पोटऱ्यांपर्यंत आली. तेव्हा चोम्पूनंच त्याला विचारलं, की बाबा, तुझ्या मनात काय आहे? तो भातगिरणीच्या मालकिणीचा, किमलांगबाईंचा, एकुलता एक मुलगा निघाला.

किमलांगबाई मागणी घालायला स्वतः आल्या, बरोबर दोन वडीलधारे आणि फळांच्या टोपल्या. त्या दिवशी शूटिंग होतं. मी थविनकाकांना घेऊन मावशींना न्यायला आलो होतो आणि काका माझ्याआधी आत जाऊन बनियनवर पंख्याखाली बसले होते. किमलांगबाई दारात आल्या, त्यांनी काकांना बघितलं, मावशींना बघितलं, आणि छातीवर हात ठेवला.

"घरी दोघंही आहात! माझं नशीब! मी म्हटलं, माळीदादा बागेत असतील."

थविनकाकांनी हात जोडले. कुणी आदरानं बघितलं की त्यांना काही सुचत नसे.

"किमलांगताई," मावशी म्हणाल्या, "हे माझे..."

"मला सगळं माहीत आहे," किमलांगबाई म्हणाल्या. "या घरच्या मुलीबद्दल मला काही विचारायचं नाही. अशा माणसांनी वाढवलेली पोर. माझी एकच अट आहे. गादी तुम्ही दोघांनी घालायची."

मला ड्रायव्हर म्हणून कुणी ओळखलं नाही. मला मुलीकडचा काका समजून सतरंजीवर बसवलं, हातात चहा दिला, आणि मी मागणीला रुकार दिला. नाही म्हणायची मला सवय नाही.

आमच्याकडं नवरा-नवरीची गादी कुणीही उठून घालत नाही. त्याला सुखानं नांदलेलं, मुलंबाळं असलेलं वयस्कर जोडपं लागतं. ते गादी पसरतं, वर तांदूळ, तीळ आणि मूग टाकतं, कोहळा, वरवंटा आणि मांजर ठेवतं, मग स्वतः दोन मिनिटं आडवं होऊन एकमेकांशी चार शुभ शब्द बोलतं. त्यांच्या हाताला जे लाभलं ते नव्या जोडप्याला लाभतं. विधवेनं, टाकलेल्या बाईनं त्या गादीला हात लावायचा नसतो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या दिवशी मागणीवाले गेल्यावर मी दोघांना शूटिंगला घेऊन निघालो. गाडीत मावशी म्हणाल्या, "थविनदादा, मला त्या पोरीची गादी घालायची फार हौस होती हो. लहान होती तेव्हापासून."

"मग घालू की," काका म्हणाले. "आपण एवढ्या गाद्या घातल्या टीव्हीत."

"टीव्हीतली नवरी दुपारी घरी जाते. माझी पोर त्या गादीवर जन्मभर झोपणार. माझा हात लागला आणि तोही उद्या रानोंगला गेला तर?"

"वीत? तो पॅन्ट आणायला घरी गेला तरी रस्ता चुकतो."

मावशी हसल्या नाहीत. त्यांना सोंग उघडं पडण्याची भीती नव्हती, हे मला तेव्हा समजलं. त्यांना स्वतःच्या हातांची भीती होती. लग्नाची नवी गादीही त्यांनी घरी शिवली नाही. सावरीचा कापूस परसातल्या झाडाचा होता, तरी तो दुसरीकडं देऊन बाजारातून तयार गादी मागवली. दुकानदारानं दाबून बघा म्हटलं, तर हात मागं घेतले आणि मला दाबायला सांगितलं. मी दाबली. चांगली होती.

खरं सांगून टाकायचं ठरवून मावशी एक दिवस गिरणीत गेल्या. मी पण होतो, दारात. किमलांगबाई भाताच्या पोत्यांमध्ये बसून चहा पीत होत्या. शेजारी गिरणीतल्या तीन-चार बायका.

"ताई, मला एक सांगायचंय. थविन माझा नवरा नाही."

किमलांगबाईंचा कप ओठांशीच थांबला.

"नाही?"

"नाही. तो विलायचा नवरा आहे. ती भात विकते ना, तिचा."

"ती? ती बया?" एक बाई म्हणाली. "म्हणजे तिचंच खरं होतं?"

"आणि माझा नवरा मला टाकून गेला. फार वर्षं झाली. त्यानं दुसरा संसार केला. मी एकटीनंच दिवस काढले."

किमलांगबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कप खाली ठेवला, मावशींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच विचारलं, "हे कधी दाखवणार? सोमवारी की मंगळवारी?"

"ताई, हे मालिकेतलं नाही."

"हो, हो, मी कुणाला नाही बोलणार. पण मग त्या मुलीला कुणी वाढवलं? नको, नको, सांगू नका. बरं, सांगाच."

मावशींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिथल्या सगळ्याच बायका रडल्या. एकीनं तर टायरवाल्याला शिव्या घातल्या. दोन दिवसांत अख्ख्या तालुक्याला पुढच्या भागाची गोष्ट माहीत झाली आणि दिग्दर्शकानं मावशींना बोलावून झापलं, की गोष्ट बाहेर फोडायची नाही असा आपला नियम आहे. मावशी म्हणाल्या, ही गोष्ट तुमच्या मालिकेत नाहीच. दिग्दर्शक म्हणाला, म्हणून काय झालं.

मग मावशी विलायबाईंकडं गेल्या.

"गादी तू घाल. तू आणि थविनदादा. तुमचं खरं आहे. तीन मुलं आहेत. कुणाची नजर लागणार नाही."

विलायबाई नळ्या फिरवत होत्या. "तिथं जमलेल्या बायका मला पायपुसण्यानं मारतील. मी त्यांच्या लेखी कोण आहे, माहीत आहे ना?"

"मी सांगेन त्यांना."

"तू सांगितलंस की काय होतं ते बघितलं आपण. रडतात आणि वेळ विचारतात."

"विलाय, माझ्यासाठी नाही मागत. पोरीसाठी मागते."

विलायबाईंनी एक नळी विस्तवावरून काढली, फोडून मावशींना दिली. करपलेली नव्हती. "चांगली पस्तीस वर्षं मी त्या माणसाशी नांदलेय," त्या म्हणाल्या. "त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे."

लग्न गिरणीमागच्या किमलांगबाईंच्या घरात झालं. सकाळी भिक्खू येऊन गेले. दुपारी नवरा-नवरीच्या हातांवर शंखानं पाणी घालून सगळ्यांनी आशीर्वाद दिले. वीतच्या अंगातली पॅन्ट नवी होती आणि लांबीला बरोबर होती. जेवणं झाली. मग गादी घालायची वेळ झाली आणि सगळी पंगत जिन्यावर लोटली, कारण टीव्हीतलं जोडपं प्रत्यक्ष गादी घालणार होतं. मी मुलीकडचा काका असल्यामुळं मला पुढं ढकललं गेलं. माझ्या हातात मांजर होतं.

थविनकाका जिना चढले. त्यांच्यामागून कोहळा कडेवर घेऊन विलायबाई चढल्या.

जिन्यावर आधी कुजबुज झाली, मग आवाज झाला. गिरणीतली एक धिप्पाड बाई खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"तू नाही. ती कुठाय? स्वयंपाकीणबाई कुठायत?"

"मी याची बायको आहे," विलायबाई म्हणाल्या.

"ऐका! शुभकार्यात येऊन म्हणते, बायको आहे!"

"तुम्हीच सांगा हो," विलायबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. "ही माझी बायको आहे."

कुणीतरी मागून म्हणालं, "हा तिच्यासमोर नेहमी असंच बोलतो."

मावशी जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. त्यांनी ठरवलं होतं, की वर यायचंच नाही. पण खोलीशी आवाज वाढला, कोहळा विलायबाईंच्या हातून घसरता घसरता राहिला, तेव्हा त्या वर आल्या. लोकांनी लगेच वाट दिली. एकीनं त्यांना मिठीच मारली. त्यांनी ती सोडवली आणि किमलांगबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, इथं कॅमेरा नाही," त्या म्हणाल्या. "आज सोमवारही नाही आणि मंगळवारही नाही. हा माणूस विलायचा नवरा आहे. माझा नवरा मला टाकून गेला. मी टाकलेली बाई आहे. मी या गादीला हात लावला तर माझ्या पोरीचं वाईट होईल. म्हणून हिला घालू द्या."

जाहिराती लागतील म्हणून बहुतेक लोक वाट बघत होते. त्या लागल्या नाहीत.

किमलांगबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे तुम्ही मला फसवलंत?"

"मी गिरणीत येऊन सांगितलं होतं."

"ते मी मालिकेतलं समजले. रडले मी."

"बघितलं मी."

"म्हणजे मी खऱ्यासाठी रडले?"

"हो."

किमलांगबाईंनी यावर थोडा विचार केला. लग्न आता मोडणार का, हे मोडता तरी येतं का, असं मला वाटून गेलं. मांजरानं माझ्या शर्टात नखं रुतवली. नवरी खाली बसली होती, नवरा मधल्या पायरीवर.

"तुमची गादी कुणी घातली होती?" किमलांगबाईंनी विचारलं.

"गावच्या पाटलांनी आणि पाटलीणबाईंनी. पन्नास वर्षं नांदले ते. सात मुलं."

"चांगलं जोडपं."

"फार चांगलं."

"माझी माझ्या मावससासू-सासऱ्यांनी घातली," किमलांगबाई म्हणाल्या. "नऊ मुलं. शब्दाला शब्द लागला नाही कधी." मग त्यांनी मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. हेंगशेठ हातात फुलं घेऊन खांबापाशी उभे होते. ते छताकडं बघायला लागले. गिरणीतल्या बायकाही छताकडं बघायला लागल्या. हेंगशेठ दर शनिवारी कुठं मुक्कामाला असतात, हे त्या गिरणीत कुणाला सांगावं लागत नसे.

"नऊ मुलं," किमलांगबाई पुन्हा म्हणाल्या.

पण मावशी ऐकत नव्हत्या. "मला नका सांगू ताई. तुमचं तुमच्यापाशी. मी हात लावायची नाही."

तेवढ्यात जिन्यावरून रेशीम सळसळत वर आलं. नवरीनं या वेळी वर यायचं नसतं. चोम्पू आली, आणि मावशींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शिवणकामाच्या दुकानात उधारीवाल्यांसमोर ती तशी उभी राहायची.

"मावशी, मी तुझ्या घरी आले तेव्हा किती वर्षांची होते?"

"चार. आता हे कशाला? खाली जा तू."

"तेव्हापासून रोज माझी गादी कुणी घातली?"

मावशींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"पाटलीणबाई येत होत्या का? मच्छरदाणी कोण खोचत होतं? मला ताप आला तेव्हा? परीक्षा असायची तेव्हा? रोज तूच घातलीस ना? मग काय झालं मला? सांग ना सगळ्यांना, काय वाईट झालं?"

"पण तेव्हा तू एकटी होतीस ग," मावशी म्हणाल्या. "सोडून जायला कुणी नव्हतं."

"तू होतीस," चोम्पू म्हणाली. "तू गेलीस का?"

दारातली धिप्पाड बाई बाजूला झाली. तिनं नाक पुसलं आणि कुणालाही न विचारता विलायबाईंच्या कडेवरचा कोहळा स्वतःकडं घेतला.

"आत जा, प्रयोंगताई," किमलांगबाई म्हणाल्या. "सगळे आत जा. वेळ निघून चाललीय."

गादी दोघींनी घातली. एका टोकाला विलायबाई, दुसऱ्या टोकाला मावशी. मावशींनी आधी दोन बोटं लावली, मग पंजा, मग चादर ताणून तिची घडी अशी आत खोचली, की ती पुन्हा सुटणार नाही. उशा त्यांनीच ठेवल्या. कोहळा ठेवला, वरवंटा ठेवला, तांदूळ टाकले. मी मांजर ठेवलं. ते लगेच पलंगाखाली गेलं, पण बसलं तिथंच, म्हणून चालतंय असं वडीलधारे म्हणाले. मग थविनकाका आणि विलायबाई गादीवर आडवे झाले.

"बोला काहीतरी," किमलांगबाई म्हणाल्या. "शुभ बोला."

काकांनी खूप विचार केला. "मऊ आहे," ते म्हणाले.

"हं," विलायबाई म्हणाल्या. "गुडघा दुखतोय का?"

"मघाशी दुखत होता. आता नाही."

वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि माना डोलावल्या. याहून शुभ काही त्यांनाही आठवलं नाही.

आता लोकांना खरं कळलं असेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजारात वेगळंच चाललं होतं. मासळीवाली सांगत होती, की मन असावं तर त्या स्वयंपाकीणबाईंसारखं. पोरीच्या लग्नात भांडण नको म्हणून नवऱ्यावरचा हक्क सोडला, आणि त्या बयेबरोबर एका चादरीची दोन टोकं धरली. तिनं विलायबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा मोठा मासा दिला. म्हणाली, "त्यांनी माफ केलं, मग मी कोण?" विलायबाईंनी तो घेतला.

पुढच्या महिन्यात कौलाच्या कारखान्यातून माणूस आला. मालकांच्या मुलाचं लग्न होतं, गादी घालायला यावं. मावशी म्हणाल्या, थविनदादांना आणि विलायला बोलवा, जोडपं त्यांचं आहे. माणूस म्हणाला, "तिघांनाही बोलावलंय. मालक म्हणतात, दोन बायका आणि एक नवरा एका खोलीत जातात आणि हसत बाहेर येतात, म्हणजे त्या हातांत काहीतरी असणार."

मावशींनी विलायबाईंना विचारलं.

"जाऊ की," त्या म्हणाल्या. "जेवण चांगलं असतं त्यांचं. पण या वेळी मधे तू झोप. मला त्याचं घोरणं घरी पुरतं."

तिघं गेले. मधे कुणी झोपलं नाही, पण गादी तिघांनी घातली. मीच त्यांना गाडीनं नेलं. नंतर अशी बरीच घरं झाली.

चोम्पूकडं मात्र मावशी गेल्या की पहिली दोन वर्षं खोलीच्या दारातूनच परत फिरायच्या. वीत कुठं बाहेरगावी गेला असेल तर तो परत येईपर्यंत त्या काही ना काही निमित्त काढून तिथंच थांबायच्या. तो प्रत्येक वेळी परत आला, एकदा दुसऱ्याच्या चपला घालून. मग चोम्पूला मुलगा झाला. तो रोज रात्री गादी ओली करायचा. रोज सकाळी ती उन्हात टाकावी लागायची, संध्याकाळी परत घालावी लागायची, आणि चोम्पू दुकानात असायची. एका संध्याकाळी मी मावशींना घ्यायला गेलो, तर त्या ती जड गादी खांद्यावर घेऊन एकट्याच जिना चढत होत्या. मी मदतीला हात पुढं केला.

"सोडा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नीट घालता येणार नाही."